त्या त्या गावचं पाणी

माझ्या नणंदेला घरातले, गल्लीतले, बाजारातले सगळेच अक्का म्हणतात. लग्न होऊन मी साताऱ्याहून बंगळूरला, मल्लेश्वरमच्या या घरात आले तेव्हा आईने शिकवल्याप्रमाणे मी तिला ‘वन्सं’ अशी हाक मारली. ती मागे वळून कोण आलंय ते बघायला लागली. आपल्यालाच बोलावतायत हे तिच्या लक्षातच आलं नाही. माझ्या सासरची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेली. घरात मराठीच, पण ती मराठी पहिले काही महिने मला अर्धीमुर्धीच कळायची. ‘स्वल्प मीठ घाल’, ‘सरी, निघतो मी’, असं चालायचं; स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं. आणि माझं बोलणं त्यांना पुस्तकातलं वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, “ही तोंड उघडली की रेडिओ लावल्यासारखं होतंय.”

अक्का माझ्याहून बरीच मोठी. तिने लग्न केलं नव्हतं. विमा कंपनीत नोकरी करायची, सकाळी नेसलेली सुती साडी संध्याकाळी परत येईपर्यंत तशीच कडक असायची. तिला एकच वेड होतं, प्रवासाचं. ऑफिसची सवलत आणि शिल्लक रजा जोडून ती वर्षातून एकदा कुठेतरी जायची, बहुतेक वेळा एकटीच. परत आल्यावर देवळं किती बघितली, डोंगर केवढे होते यातलं फारसं काही सांगायची नाही. सांगायची ते तिथली माणसं काय पितात ते. कच्छमध्ये उंटिणीच्या दुधाचा चहा, मदुराईत जिगरठंडा, हिमाचलात कुणाच्या तरी घरी लोणी आणि मीठ घातलेला चहा. “ज्या गावाला जायचं त्या गावचं पाणी प्यायचं,” असं तिचं म्हणणं. यातल्या पाण्यात ताकापासून दारूपर्यंत सगळं येत होतं, हे मला खूप उशिरा कळलं.

माझ्या नवऱ्याला गाडी लागते. म्हैसूरला जायचं तरी हा हातात लिंबू धरून, डोळे मिटून बसणार. त्यामुळे आमचा संसार झाला तो घर, माझी संशोधन संस्थेतली ग्रंथपालाची नोकरी, त्याचा कारखाना आणि मुलीची शाळा एवढ्यातच. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि मी अगदी गप्प झाले. रडत नव्हते, आजारी नव्हते. नुसती गप्प. एका रविवारी स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघी अवरेकाळूच्या शेंगा सोलत होतो. अक्का शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, “एप्रिलात गोव्याला जातोय आपण.”

“आपण म्हणजे?”

“मी आणि तू. तिकिटं काढून झालीत.”

“आणि घरी?”

“तम्माला भात लावता येतो,” ती म्हणाली. धाकटा भाऊ म्हणून ती माझ्या नवऱ्याला तम्मा म्हणते. नवरा शेजारच्या खोलीतून ओरडला, “सारू पण येतं मला!” आणि विषय संपला.

गोव्यात ती मला समुद्रावर घेऊन गेली नाही. समुद्रापासून आत, काजूच्या बागांमध्ये एक घर होतं, तिथल्या बाई दोन खोल्या पाहुण्यांना देत. काजूचा हंगाम होता. सगळ्या आवारात पिकलेल्या बोंडांचा वास भरून राहिलेला. गोड, तिखट, थोडा नाकात चढणारा. दुपारी त्या बाईंनी आमच्यासमोर पेले ठेवले. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी, त्यात लिंबाची फोड, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. ते उर्राक होतं, फेणीच्या आधीचं, काजूच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन. ते फक्त त्या दिवसांतच मिळतं.

मी हात मांडीवरून वर उचलला नाही. आमच्या माहेरी दारू हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारायचे. “अक्का, मी कधी घेतली नाही हो.”

“मी काय रोज घेते? इथं आलोय, इथलं घ्यायचं. बारे, ये गं, स्वल्प पिऊन बघ.”

घरच्या बाई हसून म्हणाल्या, “ल्हव ल्हव.” म्हणजे सावकाश, असं मी समजले. पहिल्या घोटाला घसा चुरचुरला. दुसऱ्याला बोंडाचा वास थेट डोक्यात गेला. मग मिरचीचा झटका, मग लिंबू. मला ठसका लागला आणि त्या दोघी मनापासून हसल्या. त्यांच्या मागोमाग मीही. मुलगी गेल्यापासून मी असं हसले नव्हते. अक्काने ते पाहिलं.

तिची प्यायची एक रीत होती. एकच पेला, आणि तो संपायला सगळी दुपार. दुसरा कधी घ्यायची नाही. बाटली कधी घरी आणायची नाही. मी एकदा म्हटलंही, “ह्यांच्यासाठी नेऊ या का थोडं?” तर म्हणाली, “ते इथंच चांगलं लागतं. तिथं नुसतं कडू होतंय.” आणि पिताना ती प्रश्न विचारायची. हे कोण करतं, कशापासून करतं, तुम्हाला कुणी शिकवलं. अगदी साधे प्रश्न. पण कुठल्याही घरात ते विचारले की माणसं खुर्ची पुढे ओढून बसायची. त्या काजूवाल्या बाईंनी त्या दुपारी नवऱ्याच्या बोटीवरच्या नोकरीपासून आईच्या भट्टीपर्यंत सगळं सांगितलं. माहेरचं काजूचं बन कसं वाटण्यांमध्ये गेलं ते सांगताना त्यांचे डोळे भरले. मी ऐकत होते. मला वाटत होतं, आपण एवढी वर्षं पुस्तकं हातांत घेऊन बसलो, पण असं कुणाच्या घरात शिरलो नाही.

त्यानंतर दरवर्षी आम्ही निघायचो. केरळात एका ताडीच्या दुकानात गेलो तर आतले सगळे पुरुष एकदम गप्प झाले. मालकाने लगबगीने आम्हाला पडद्यामागच्या टेबलाशी नेऊन बसवलं. अक्काने बसल्याबसल्या हात लांब करून तो पडदा बाजूला सारला आणि बाहेरच्यांना हात जोडून नमस्कार केला. थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ स्वतःच येऊन सांगायला लागले, की सकाळची ताडी गोड असते, दुपारनंतरची आंबट होत जाते, आणि बायकांना सकाळचीच आवडते. “मला आंबटच द्या,” अक्का म्हणाली. सगळं दुकान हसलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते सिक्कीम. आम्ही पेलिंगला गेलो होतो कांचनजंगा बघायला आणि तिथे पाऊस सुरू होता. सकाळी उठून खिडकी उघडायची, समोर नुसता पांढरा पडदा. बरोबरचे प्रवासी वैतागून निघून गेले. अक्का मात्र खाली, घराच्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ जाऊन बसली. मी शाल गुंडाळून तिच्या मागे. मालकिणीने आमच्यापुढे लाकडाची दोन उंच भांडी ठेवली. आत फुगलेले, आंबवलेले दाणे काठोकाठ भरलेले. वरून तिने कढत पाणी ओतलं आणि एकेक बांबूची नळी खोचली. “हलवू नका. ओढा फक्त,” तिने हिंदीत बजावलं. याला ते तोंगबा म्हणतात.

अक्काने भांड्यातला एक दाणा चिमटीत घेतला, दाताखाली धरला आणि ओरडलीच, “अगं, ही तर आपली रागी!”

नाचणीच होती किंवा तिची सख्खी बहीण. आमच्या घरी जिचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, होतात, आंबील होते, ती इथे हिमालयात गरम बिअर होऊन बसली होती. कोमट, किंचित आंबट, पोटात गेल्यावर मागून ऊब येणारी. पाणी संपलं की मालकीण पुन्हा कढत पाणी ओतायची आणि चव थोडी हलकी व्हायची. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. अक्का मालकिणीला रागीचा मुद्दा कसा वळायचा ते हाताने करून दाखवत होती, आणि मालकीण तिला दाण्यात मिसळायची आंबवणाची वडी कशी करतात ते सांगत होती. दोघींच्या हिंदीची धुळधाण उडाली होती, पण अडत काहीच नव्हतं. मला इतकं बरं वाटत होतं की मी पटकन म्हणून गेले, “अक्का, तू आधी का नाही आणलंस मला?”

तू. एवढ्या वर्षांत मी तिला ‘तुम्ही’शिवाय हाक मारली नव्हती. मी जीभ चावली. अक्काने नळी तोंडातून काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हे बरं झालं. तुझं ते तुम्ही-तुम्ही ऐकून मला मी शाळेची हेडमास्तरीण वाटायची.”

कांचनजंगा आम्हाला शेवटपर्यंत दिसली नाही. मला त्याची कधी हळहळ वाटली नाही.

प्रवासाहून परत येताना विमानतळातून टॅक्सी बाहेर पडली, की देवनहळ्ळीच्या आसपास अक्का हमखास गाडी थांबवायची. पूर्वी तिथे द्राक्षांचे मळे दिसायचे, हल्ली प्लॉट पाडल्याचे फलकच जास्त. रस्त्याकडेला शहाळंवाला असायचा. “आता आपल्या गावचं,” म्हणून ती शहाळं तोंडाला लावायची, मान मागे टाकून, नळी न घेता. गळ्यावरून ओघळलेलं पाणी पदराने टिपायची. मग घरी.

पुढच्या खेपेला ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जायचं ठरलं होतं. अक्का निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, माझीही नोकरी संपत आली होती. आता रजेची कटकट नाही, दोन महिने फिरू, असं ती म्हणत होती. त्याच सुमारास एका सकाळी ती बाजारातून फुलं घेऊन आली. पिशवी टेबलावर ठेवायला गेली, तर टेबलाच्या अलीकडेच हात सुटला. शेवंती जमिनीवर पसरली. “अक्का, काय झालं?” मी विचारलं. तिने उत्तर दिलं, पण ते शब्द नव्हते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. नवऱ्याने शेजाऱ्यांची गाडी बोलावली. त्या दिवशी तो हॉस्पिटलपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसला होता, आणि त्याला गाडी लागली नाही.

स्ट्रोक होता. अक्का वाचली. उजवा हात-पाय गेला, थोडाफार परत आला. बोलणं गेलं, तेही थोडंफार आलं, पण आलं ते कानडीत. मराठी तिला सगळी कळायची, मान हलवायची, पण तोंडून एखाददुसरा शब्द निघायचा तो बहुतेक कानडीच. डॉक्टर म्हणाले असं होतं कधीकधी. माझी कानडी भाजीवाल्यापुरती आणि रिक्षापुरती. इतक्या वर्षांत शिकले नव्हते, ती आता तिच्या पलंगाशी बसून शिकायला लागले.

आणि तिचं गिळणं बिघडलं होतं. घन पदार्थ मऊ करून जायचे, पण पातळ काहीही दिलं तर ते श्वासनलिकेत उतरायचा धोका. पाणी, चहा, ताक, सगळं बंद. एक पांढरी पावडर मिळायची, ती पाण्यात ढवळली की पाण्याचा चिकट लगदा व्हायचा. तो चमच्याने भरवायचा. ज्या बाईने मुलुखभरचं पाणी चाखलं, तिला आता पाणी खावं लागत होतं.

“नीरु,” ती म्हणायची. पाणी. मी चमचा पुढे करायची. ती तोंड मिटून घ्यायची. “नीरु,” पुन्हा. खिडकीशी ठेवलेल्या माझ्या पेल्याकडे बोट दाखवायची. मी माझं पाणी स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, तिला आवाज ऐकू जाणार नाही असं प्यायला लागले. नवराही तसंच करायचा. आम्ही एकमेकांना हे कधी सांगितलं नाही.

गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक तरुण मल्याळी थेरपिस्ट घरी यायची. चुणचुणीत पोरगी. एकदा ती मला म्हणाली, “या लगदा खात नाहीत कारण तो पाण्याचा आहे. पाण्याला चव कुठे असते? यांच्या आवडीचं काहीतरी घट्ट करून द्या. काय आवडायचं त्यांना?”

मी घुटमळले. नवरा पेपर वाचत होता. तो पेपरमागूनच म्हणाला, “ताडी. उर्राक. तोंगबा.”

थेरपिस्ट आधी चकित झाली, मग खदखदून हसली. “डॉक्टरांना विचारते,” म्हणाली. डॉक्टरांनी दोन-चार चमच्यांना हरकत घेतली नाही.

इंदिरानगरमध्ये एका ठिकाणी रागीची बिअर मिळते असं मी कुठेतरी वाचलं होतं. आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी, गर्दी नसेल अशा वेळी आम्ही तिघं गेलो. व्हीलचेअरमध्ये अक्का, पांढरी सुती साडी, केस नीट विंचरलेले. मागे इस्त्रीच्या शर्टातला नवरा, जन्मात पहिल्यांदा अशा जागी आलेला. माझ्या पर्समध्ये पावडरचा डबा. काचेपलीकडे तांब्याची मोठमोठी पिंपं होती. बाकीची टेबलं जवळपास रिकामी, एका कोपऱ्यात ऑफिसातली काही मुलंमुली कॉम्प्युटर उघडून बसलेली. वेटरने आमच्याकडे पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, “ज्यूस देऊ का?”

“रागीची बिअर,” नवरा इतक्या मोठ्याने म्हणाला की ती मुलं वळून बघायला लागली.

बिअर आली. मी पावडर टाकून ढवळलं, तर फेस असा उसळला की पेल्यातून टेबलावर, टेबलावरून नवऱ्याच्या शर्टावर. अक्का हसली. अर्ध्याच तोंडाने, पण खांदे हलत होते. दुसऱ्या पेल्यातला फेस आधी मरू दिला, मग पावडर घातली. मी चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने घेतला. हनुवटी खाली घेऊन, शिकवल्यासारखं, सावकाश गिळलं. मग कपाळाला आठ्या घातल्या.

“आवडलं नाही?” मी विचारलं.

“बिसि,” ती म्हणाली.

बिसि म्हणजे गरम. मला वाटलं तिला उकडतंय. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं. ती डाव्या हाताने पेल्याकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाली, “बिसि. बिसि.”

मग मला उमजलं. मी वेटरला विचारलं, “हे थोडं गरम करून मिळेल का?” आम्ही थट्टा करतोय असं त्याला आधी वाटलं. पण आमचे चेहरे बघून तो तो पेला आत घेऊन गेला. कढत पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करून आणला. मी पुन्हा चमचा भरला. अक्काने तो तोंडात घोळवला, गिळला आणि डोळे मिटले.  मग म्हणाली, “मळे.”

म्हणजे पाऊस. नवऱ्याने काचेबाहेर पाहिलं. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. “पाऊस कुठाय अक्का?” तो म्हणाला, “बघ, ऊन पडलंय.”

मी पर्स उघडून रुमाल शोधत राहिले. तो पर्समध्ये नव्हता, माझ्या हातातच होता.

त्या दिवसानंतर तिने व्यायाम मनावर घेतले. बिअरमुळे असं मी म्हणणार नाही. थेरपिस्ट चिकाटीची होती, आणि अक्काही. पण चमचा बघून तोंड मिटणं थांबलं. मी ताक घट्ट करून द्यायची, कोकम, कधी आंबील. काही महिन्यांनी हॉस्पिटलात पुन्हा तपासणी झाली आणि तिला साधं पाणी प्यायची परवानगी मिळाली. लहान घोट, सरळ बसून, कुणीतरी जवळ असताना. घरी आल्यावर नवऱ्याने फुलपात्र भरून आणलं.  अक्का प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. रिकामं फुलपात्र तिने त्याच्यापुढे धरलं. त्याने परत भरलं. 

पण प्रवास संपला होता. व्हीलचेअर, औषधं, थकवा. जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्या तरी तिला धाप लागते. संध्याकाळी ती व्हरांड्यात बसते, मी शेजारी. ती तिथेच आहे, हात लांब केला तर हाताला लागेल अशी, आणि मला तिची आठवण येते. पडदा सारणाऱ्या अक्काची, दाणा दाताखाली धरून ओरडणाऱ्या अक्काची. हे कुणाला सांगावं कळत नाही. जिवंत माणसाची, तीही पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाची, अशी आठवण काढणं बरं नव्हे असं वाटतं. पण येते.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिने माझी बाही ओढली. “ब्रह्मपुत्र,” म्हणाली. मी म्हटलं, “हो गं, राहिलं आपलं जायचं.” ती मान हलवत राहिली. मग बोट माझ्याकडे रोखून म्हणाली, “होगु.” तू जा.

“तुला सोडून?”

“होगु!” आवाज चढला.

“जा की,” नवरा म्हणाला. “मला भात लावता येतो.”

निघताना मी तिच्या पाया पडले. तिने डावा हात डोक्यावर ठेवला आणि इथल्या रीतीप्रमाणे म्हणाली, “होगि बा.” जाऊन ये.

जोरहाटहून नावेने पलीकडे गेले. नावेवर माणसं, मोटरसायकली, एक बकरी. माजुलीत खांबांवर उभारलेल्या एका बांबूच्या घरात उतरले. खाली हातमाग मांडलेला. घरातली बाई माझ्याच वयाची. तिने दुपारी माझ्यापुढे वाटी ठेवली. तांदळाची बिअर, आपाँग म्हणतात तिला. काळसर रंग, जाळलेल्या पेंढ्याच्या राखेचा. मी एक घोट घेतला आणि सवयीने उजवीकडे वळले. तिथे भिंत होती.

ती बाई बघत होती. आता इथे प्रश्न विचारायचे असतात हे मला माहीत होतं, पण ते नेहमी अक्का विचारायची. मी तर ऐकायची. मी वाटी खाली ठेवली आणि हिंदीत म्हटलं, “हे तुम्ही केलंत का?” ती हो म्हणाली. “कुणी शिकवलं तुम्हाला?” तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि वेताचा मोडा ओढून माझ्यासमोर बसली. सासूने शिकवलं, म्हणाली. पुरात जुनं घर वाहून गेलं तेव्हा सासूने धान्याच्या आधी आंबवणाच्या वड्यांची टोपली बाहेर काढली होती, म्हणाली.

तिचं बोलणं संपल्यावर मी घरी व्हिडिओ कॉल लावला. नवऱ्याने फोन अक्कापुढे धरला. तिचा चेहरा अगदी जवळ, थोडा तिरपा. मी वाटी दाखवली. ती बघत राहिली. मी घोट घेतला आणि तिकडे, फोनमध्ये, अक्काचा गळा हलला. मी दुसरा घोट घेतला. पुन्हा हलला. मग चित्र अडकलं आणि फोन बंद पडला. ती बाई म्हणाली, “बहीण?” मी म्हटलं, “हो.”

परत आले त्या दुपारी अक्का व्हरांड्यात वाट बघत होती. मी हातपाय धुऊन तिच्यासमोर बसले. “हेगित्तु?” तिने विचारलं. कसं होतं?

“आंबट होतं,” मी म्हटलं. “थोडं धुराच्या वासाचं.”

  यापुढचं सांगायची मला सवय नव्हती. आमच्या सगळ्या प्रवासांच्या गोष्टी घरी तीच सांगायची, मी शेजारी बसून हसायची.

“मत्ते?” ती म्हणाली. आणखी?

मग मी नावेचं सांगितलं. नावेतल्या बकरीचं, कागद खाणाऱ्या. “मत्ते?” खांबांवरच्या घराचं. खालच्या मागाचं. “मत्ते?” सासूचं, पुराचं, टोपलीचं. तिथे अक्काने हात वर करून मला थांबवलं, डोळे मिटून ते पुन्हा ऐकायचंय अशी खूण केली. मी पुन्हा सांगितलं, अगदी पहिल्यापासून. मराठीत सांगत होते, शब्द अडला तर कानडीत. आतून नवरा कॉफी घेऊन आला, तिच्या हातात कॉफीची वाटी दिली, आणि तोही पायरीवर बसून ऐकायला लागला.